कावळ्याने मान वाकवली
“कोच, सांगून तुम्हाला खरं वाटणार नाही, आज आपण जिंकलो!” आत शिरताच म्हाताऱ्या डेल्मरने ठोकून दिलं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची हेल्मेटं पुसणारा माणूस तो. यंदा पोरं प्रत्येक सामना हरली होती, आजचा शेवटचाही. पण अंथरुणाला खिळलेल्या कोचना पुढचा मोसम दिसणार नव्हता. नेब्रास्कातली थंडी मी मी म्हणत होती. “खिडकी लावून घेऊ?” “राहू दे. तू सांग.” मग डेल्मर सुटलाच. “शेवटची किक इतकी खालून आली, की गोलखांबाच्या आडव्या दांडीवर बसलेल्या कावळ्याने मान वाकवली म्हणून चेंडू दांडीवरून पार झाला! पंचांनी त्यालासुद्धा सलाम केला!” कोच ठसका लागेपर्यंत हसले. मग त्यांनी बोट समोरच्या मैदानाकडे रोखलं. “लबाडा, जिंकल्यावर आपली पोरं विजयाची घंटा बडवतात. ती ऐकू यावी म्हणून तर सकाळपासून खिडकी उघडी ठेवलीय मी.”