बहात्तरवाला

"तुझा वेडा आज आला नाही वाटतं," टेरेन्स म्हणाला.

दोरोताने पडद्यावरून नजर काढली नाही. "येईल."

आर्चर अव्हेन्यूवरच्या बेकरीच्या माडीवर दोघांनी खोली भाड्याने घेतली होती. शिकागोच्या विमानतळावर दिवसाचं कमाल तापमान किती अंश फॅरनहाइट नोंदलं जाईल, यावर संगणकावरून पैजा लागत. दोघांचं पोट त्यावरच होतं.

आज तर संधी चालून आली होती. मध्यरात्र उलटताच पारा एक्केचाळीसवर गेला होता. मग उत्तरेचा वारा सुटला आणि तो उतरतच राहिला. म्हणजे दिवसाचा उच्चांक सगळे झोपेत असतानाच होऊन गेला होता. नवखे मात्र दुपारच्या उन्हाच्या भरवशावर पस्तीसवर पैसे लावत होते.

"एक्केचाळीस लाव ना, खातं तुझ्याच नावावर आहे. थोड्या वेळात सगळ्यांना कळेल."

"थांब जरा. या ओळीवरून नजर हलवता येत नाही."

"कोणासाठी? त्या बहात्तरवाल्यासाठी?"

इथे नाव कोणाचंच दिसत नसे, फक्त आकडा दिसे. बहात्तरवाला रोज सकाळी यायचा. जानेवारीत सरोवराच्या काठाला बर्फ धरला तरी त्याचा आकडा तोच. लावायचा एकच डॉलर. समोरून कोणी घेतली तरच पैज लागायची. दोरोता रोज घ्यायची, दुसऱ्या कोणाचा हात पोचायच्या आत.

"डॉलरभर कमाईसाठी केवढी राखण," टेरेन्स हसला. "लुटायचंच तर नीट लूट की बाई. पण बहात्तरच का लावतो गं?"

"एकदा मार्चमध्ये झालं होतं बहात्तर. अचानक. मी लोकरीचा काळा कोट घातला होता. घामाने भिजले होते."

"तुला बरं आठवतं."



टेरेन्स खाली जाऊन गरम पोंचकी, जॅम भरलेले पोलिश डोनट, घेऊन आला. एक तिच्यापुढे ठेवली. तिने हात लावला नाही.

"रोज हरतो, तरी येतो. काय मिळत असेल त्याला?"

"समोर कोणीतरी आहे, एवढं कळतं."

"त्यापेक्षा कुत्रा पाळावा."

दोरोता हसली नाही. बहात्तरची ओळ रिकामीच होती. काल तो दुपारी उशिरा आला होता. तोवर ती जेवायलाही उठली नव्हती.

अचानक पडद्यावर एक्केचाळीसचा भाव उसळला. कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. मग सगळेच तुटून पडले.

"गेलं," टेरेन्स खुर्चीत मागे टेकला. "खोलीचं भाडं गेलं या महिन्याचं. एका वेड्यापायी. आता तरी बंद कर ते."

तिने एकदा पान नव्याने उघडलं. पुन्हा उघडलं. मग उठून कोट अंगावर चढवला, तोच काळा. फोन कानाला लावला. बाही नीट चढली नव्हती, तरी तशीच उभी राहिली.

"पावलाक काकू? मी दोरोता. हो, खूप दिवसांनी. नाही, मार्चमधल्या त्या उकाड्यात आईचं दफन झालं, तेव्हापासून आमचं बोलणं नाहीच. काकू, किल्ली मागच्या पायरीवर कुंडीखाली असायची. जरा आत जाऊन बाबांना हाक मारता?"