मास्तर म्हणतात
हॉलमध्ये नऊ बायका, तीन पुरुष आणि ताय-ची हा संथ चिनी व्यायाम शिकवणारे मास्तर होते. बाहेरच्या बाकावर त्यांतल्या एकीचा नवरा होता. गेल्या वर्षी पडल्यापासून ती त्याचा हात धरूनच जिना उतरायची. आज वर्ग सुटल्यावर त्याने हात पुढे केला. ती म्हणाली, “नको. मास्तर म्हणतात, सावकाश पाऊल टाकलं की तोल जात नाही.” त्याचा जळफळाट झाला. “सावकाश चाल म्हणून माझा घसा कोरडा पडला, तेव्हा ऐकलं नाहीस. मास्तरांच्या जिभेवर मध आहे का?” “ते ओरडत नाहीत,” म्हणत ती एकटीच उतरली. खाली वर्गातल्यांचा तोल तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टने तिला एका पायावर उभं करून घड्याळ लावलं. ती जरा तरी डगमगावी, असं नवऱ्याला मनापासून वाटलं. “काका, तुम्हीही या,” फिजिओथेरपिस्टने बोलावलं. “त्यात काय एवढं!” त्याने पाय उचलला. तिचे सव्वीस सेकंद, त्याचे पाच.