टिंगमॅडम ग्रुप सोडतात

लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एक आजोबा होते आणि त्यांची शाळकरी नात. आजोबांचा धीर सुटत चालला होता. नातच त्यांना समजावत होती, "आलेत ते लोक. आता काढतील बघा आपल्याला." वर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये लिफ्टचा मेकॅनिक, सगळ्यांचा पैलवान, घामाघूम होऊन उभा होता. पॅनेलवरचा लाल दिवा काही केल्या विझत नव्हता.

त्याच्या मागे ट्रेनिंगच्या मॅडम उभ्या होत्या. शहरभरच्या लिफ्टची देखभाल करणारी त्यांची कंपनी. तिथले मेकॅनिक पाठीमागे त्यांना टिंगमॅडम म्हणत. कारण त्यांनी हट्टाने आणलेलं ते अ‍ॅप. प्रत्येक मेकॅनिक एकटाच कुठल्यातरी इमारतीच्या टोकावर नाहीतर तळाशी डोकं खाजवत बसतो. एकाला काल सापडलेलं उत्तर दुसऱ्याला आज ठाऊक नसतं. तर सगळ्यांनी एका ग्रुपवर यावं, अडलं की विचारावं, सुचलं की सांगावं, इतकी साधी गोष्ट. त्यासाठी मॅडम मोठ्या साहेबांशी भांडल्या, त्यांनी वर्ग घेतले, पोस्टर लावली, रोज सकाळी न चुकता मेसेज टाकला. सगळे फोन टिंग करून वाजायचे आणि पुन्हा खिशात जायचे. लिहायचं कुणी नाव काढत नव्हतं. फार तर "ओके मॅडम".

"हाताने काम करणारी माणसं ती, त्यांना लिहायचा कंटाळा. नाद सोडा," सर्व्हिस मॅनेजर म्हणाले होते. मोठ्या साहेबांनी ग्रुप चालवून दाखवायला महिनाअखेरची मुदत दिली होती. मग मॅडमनी कंबर कसली. जिथे काम अडतं तिथेच जाऊन अ‍ॅप उघडायला लावायचं, असं ठरवून त्या आज पैलवानाबरोबर आल्या होत्या.

"आता विचारा ना ग्रुपवर," त्या म्हणाल्या.

पैलवानाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खालून आजोबांनी दारावर थापा मारल्याचा आवाज आला. तसा तो पाठमोरा झाला, पॅनेलचा फोटो काढला आणि भराभर काहीतरी लिहिलं. क्षणभराने "सहाव्याचं दार! बंद दिसतंय, पण कुलूप बसलेलं नाही," असं पुटपुटत तो जिन्याकडे धावला. थोड्याच वेळात लाल दिवा विझला आणि मोटर घुमू लागली.

आजोबा नातीचा हात घट्ट धरून बाहेर आले. "आजोबा अजिबात घाबरले नाहीत हं," नातीने सगळ्यांना बजावलं.

मॅडमनी तोवर आपला फोन उघडला होता. त्यांच्या ग्रुपवर सकाळचा त्यांचाच मेसेज होता. त्याखाली काही नाही.

"तुम्ही विचारलंत कुणाला?"

पैलवानाने जरा आढेवेढे घेतले, मग फोन पुढे केला. दुसराच ग्रुप होता. नाव 'खड्डा', लिफ्टच्या तळाशी असतो तो. त्यांच्या डेपोतले झाडून सगळे मेकॅनिक त्यात होते. फोटो, प्रश्न, भांडणं, थट्टा आणि उत्तरं. ढिगाने उत्तरं.

मॅडमना आधी राग आला, मग रडू येईलसं वाटलं. "म्हणजे लिहिता की सगळे!"

"रोज लिहितो."

"मग आमच्याकडे का नाही? काय कमी आहे तिथे?"

"कमी काही नाही, मॅडम. तिथे साहेब आहेत," पैलवान शांतपणे म्हणाला. "इथे 'मला जमत नाहीये' असं लिहिलं की उत्तर येतं. तिकडे लिहिलं की मेमो येतो."

मॅडमना आठवलं. पहिल्याच आठवड्यात पैलवानाने ग्रुपवर एक प्रश्न टाकला होता. त्याखाली सर्व्हिस मॅनेजरांनी लिहिलं होतं, 'इतकी वर्षं काय केलंस मग?' आणि पुढे एक हसरा चेहरा. मॅडमनी ती थट्टा समजून सोडून दिली होती. पुढे मेमोही निघाला, हे त्यांच्या कानावर आलंच नव्हतं.

"पण खड्ड्यात आपलाच डेपो," पैलवान हत्यारं आवरताना म्हणाला. "बाकीच्या डेपोंत कोण कुठे अडकलंय, कुणाला पत्ता नाही."

दुसऱ्या दिवशी मॅडम थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. सर्व्हिस मॅनेजर तिथेच बसले होते.

"सगळ्या अधिकाऱ्यांना ग्रुपमधून काढायचं आहे," त्या म्हणाल्या. "आणि तिथे विचारलं म्हणून कुणालाही मेमो जाणार नाही."

"मग ती मंडळी काय लिहितात ते आपल्याला कळणार कसं?" सर्व्हिस मॅनेजर उसळले.

"कळणार नाही."

"अहो, मग ग्रुप चालतोय हे ओळखायचं कशावरून?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"लिफ्ट चालतात, त्यावरून. नाही चालल्या तर माझा राजीनामा घ्या."

मोठ्या साहेबांनी मान डोलावली. मॅडमनी तिथेच उभं राहून एकेक अधिकारी ग्रुपबाहेर काढला. सर्व्हिस मॅनेजर गेले, मोठे साहेब गेले. ग्रुपची सूत्रं त्यांनी पैलवानाच्या नावावर केली आणि शेवटी स्वतः बाहेर पडल्या. जिवापाड जपलेली ती खिडकी त्यांच्या फोनवरून पुसली गेली.

त्यानंतर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पैलवान वाटेत दिसला की शब्द ओठांवर यायचे. त्या जीभ चावून पुढे जायच्या.

महिनाअखेरीला तो आपण होऊन त्यांच्या खोलीत आला.

"खड्डा बंद केला आम्ही, मॅडम."

"का? कुणी तक्रार केली?"

"छे! दोन-दोन ठिकाणी कोण लिहीत बसणार? सगळ्या डेपोंची माणसं आता तुमच्याच ग्रुपवर असतात."

मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "खरंच? काय काय लिहितात?"

पैलवान दारात थांबला आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"ते नाही सांगायचं, मॅडम."