हाताचा कौल

दुपारच्या पिवळ्या उजेडात ताई डोळे मिटून उभी होती. एका मुठीत रक्तदाबाची गोळी, दुसरा हात पाण्यावर तरंगावा तसा आडवा. भावाने मनगटावर दोन बोटं टेकवली, हात अलगद खाली आला. "अजून सोसत नाही तुला." वीस वर्षं तो लोकांच्या हातांना विचारून आजार सांगत होता; हात खाली गेला की मुठीतली वस्तू सोसत नाही, ताठ राहिला की सोसते. त्याच्या शब्दाखातर ताईने महिनाभर गोळी सोडली होती. भाचीने दहा पुड्या पुढे केल्या. "मामा, पाचांत गोळी, पाचांत बटण. मिसळल्यात, मलाही कळायचं नाही. सांग आता." एकेक पुडी ताईच्या मुठीत देत गुंगीत असल्यासारखा तो हात दाबत गेला. पुड्या उघडल्या. हाताच्या कौलाप्रमाणे तीन बटणं ताईला सोसत नव्हती. तीन गोळ्या खुशाल सोसत होत्या. त्याने पाणी आणलं. "ताई, घे गोळी." "पण हात काय म्हणतोय?" "हात नाही गं, इतकी वर्षं मीच बोलत होतो."