लाल शाईतला शेरा

"बोलायचं एक आणि सुचवायचं भलतंच, हा झाला शाब्दिक उपरोध." सरांनी फळ्यावर ओळ लिहिली आणि मागे वळले. "आता उदाहरण द्या. पुस्तकातलं नको, घरातलं चालेल."

"मी उशिरा घरी गेलो की आई म्हणते, आलात? लवकर आलात!"

वर्ग हसला. सरही हसले. दहावीचा हा वर्ग भाषेच्या तासाला एरवी पेंगायचा. आज हात वर होत होते. प्रसंगातला उपरोध आणि नाटकातला उपरोध अजून शिकवायचे होते, पण पोरं पहिल्याच प्रकारावर रंगली होती.

मागच्या बाकावरचा एकजण उठला. "सर, तुमचे शेरे चालतील?"

सरांना पोरं पाठीमागे 'करवत' म्हणत, ते काही उगाच नाही. वह्यांमध्ये लाल शाईनं त्यांनी काय काय लिहून ठेवलं होतं, ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. 'अक्षर सुरेख. मुंगी शाईत बुडवून सोडली होती का?' 'निबंध चार ओळींचा! एवढी तसदी कशाला घेतलीस?' एकेक शेरा बाहेर पडू लागला आणि वर्गात हशा पिकला.

"आणि आठवीत हिला दिलेला!" मागच्या बाकावरच्यानं पुढे बसलेल्या शिंप्याच्या मुलीकडे बोट दाखवलं. "'वा! तू आईबापांचं नाव काढणार!' एका पानात एकतीस चुका होत्या, सर!"

सगळे खो खो हसले. मुलगी वहीत मान घालून बसली होती. सरांच्या हातातला खडू जागच्या जागी थांबला.

गेल्या वर्षी पालकसभेला तिचे वडील आले होते. दुकानातून तसेच उठून आलेले, माप घ्यायची टेप गळ्यातच. "सर, आठवीनंतर हिला दुकानात बसवणार होतो," ते म्हणाले होते. "हिच्यासाठी दुसरं मशीनही बघून ठेवलं होतं. तेवढ्यात तुमचा शेरा कानावर आला. तुमच्यासारखा माणूस असं म्हणतो म्हटल्यावर मी मशीन नको म्हणून सांगून टाकलं. ते पान काचेत घालून दुकानात लावलंय."

सर तेव्हा गोरेमोरे झाले होते. खरं सांगायला जीभ रेटली नव्हती. घरी बायकोलाही ते कधी बोलले नाहीत. मुलगी मात्र त्या शेऱ्याच्या भरवशावर लिहीत सुटली, अशी त्यांची समजूत होती. आता निबंधात तिचा हात धरणारं वर्गात कोणी उरलं नव्हतं.

आणि आज त्यांच्याच तासाला, त्यांनीच मागितलेल्या उदाहरणानं, चाळीस पोरांसमोर सगळं उघडं पडलं होतं. हिला कळलं म्हणजे वडिलांना कळायला कितीसा वेळ लागणार? आणि मशीन काय, उद्याही आणता येतं.

उरलेले दोन प्रकार त्यांनी कसेबसे उरकले.

घंटा झाल्यावर त्यांनी मुलीला थांबवलं. वर्ग रिकामा होईपर्यंत ते पुसलेला फळाच पुन्हा पुसत राहिले.

"ते मघाशी जे बोलले ना, ते मनावर घेऊ नकोस," सर म्हणाले. "तो शेरा मी अगदी मनापासून लिहिला होता."

त्यांचे कान तापले. टोचून बोलायची सवय होती, खोटं बोलायची नव्हती.

मुलीनं दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला. "राहू द्या, सर. चुका मीच केल्या होत्या ना? मला तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हाच?" सर बघतच राहिले. "मग वडिलांनी वाचला तेव्हा काही बोलली नाहीस?"

"बाबांना वाचता येत नाही, सर. लाल शाईत काय लिहिलंय ते त्यांनी मलाच वाचून दाखवायला सांगितलं."

ती दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "शब्द सगळे तुमचेच ठेवले. सूर तेवढा बदलला."