सेहेचाळीस रत्तल

ठमी पारड्यात बसली आणि पारडं खाली टेकलं. समोरच्या पारड्यात इनेझनं गेल्या सोमवारच्या नोंदीप्रमाणे चव्वेचाळीस रत्तलांची वजनं मांडली होती आणि मनातल्या मनात एक ‘नमो मारिया’ प्रार्थनाही म्हणून झाली होती. ती इतक्या लगोलग ऐकली जाईल असं काही तिला वाटलं नव्हतं. तिनं आणखी एक रत्तल चढवलं. मग आणखी एक. तेव्हा कुठे दांडी सरळ झाली.

“सेहेचाळीस,” परीक्षक दाबके साहेब म्हणाले. “म्हणजे दोन वाढले. छान.”

छान तर होतंच. ट्रेनिंग कॉलेजचा इनेझचा हा शेवटचा पाठ होता, आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा. आधीचा पाठ पार फसला होता. हाही फसला तर तारोडीला घरी जाऊन बोंबील वाळत घालायचे, एवढंच तिच्या हाती उरलं होतं. म्हणून सहा आठवडे तिनं खारीच्या शाळेतल्या पोरींकडून घाम निघेपर्यंत कवायत करून घेतली, लढाईच्या दिवसांत कुठून कुठून मिळवलेले चणे भिजवून मूठ मूठ खायला घातले आणि दर सोमवारी सगळ्यांना शेजारच्या मिठाच्या वखारीत आणून मोठ्या काट्यावर तोललं. शाळेकडे काटा कुठला असायला? पाठाच्या टाचणात तिनं पहिल्याच दिवशी लिहून टाकलं होतं, ‘व्यायामाने व सकस आहाराने प्रत्येक मुलीचे वजन वाढते.’ ‘प्रत्येक’ लिहिताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता. विसाव्या वर्षी कुणाचाच अडखळत नाही.

अठरा पोरींनी टाचणाचा मान राखला. ठमीनं तेवढा राखला नाही. गेले दोन सोमवार तिचं वजन घटत होतं आणि दुपारनंतर तिला खोकल्याची ढास लागायची. सलग तीन आठवडे वजन घटलं तर डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी भरून आईबापांच्या हाती द्यायची, असा कॉलेजचा नियम होता. इनेझनं सकाळीच तशी चिठ्ठी भरली होती. ठमीचं नाव, वय दहा, गाव खारी. वजनाची जागा फक्त कोरी होती.

ठमी पारड्यातून उतरली तेव्हा तिच्या परकराखालून काहीतरी पांढरं गळलं. चार-पाच खडे. मीठ. शुक्रवारी इनेझ हसत हसत पोरींना म्हणाली होती, की तुमची वजनं वाढली तर मी पास, नाहीतर बसते घरी. सगळ्या हसल्या होत्या. ठमी हसली नव्हती, हे इनेझला आत्ता आठवलं.

ती पुढे सरकली आणि तिनं खड्यांवर पाय ठेवला. चपलेखाली ते करकरले.

दाबके साहेब ठमीकडे जरा वेळ बघत राहिले. माणूस चांगला होता. “पोर हडकुळी दिसते हो. काही खोकलाबिकला आहे का हिला?”

ठमी ओठ घट्ट मिटून उभी होती. खोकला दाबून तिचे डोळे पाण्यानं भरले होते.

“नाही, साहेब,” इनेझ म्हणाली. “वखारीतल्या धुळीनं होतं तसं.”

साहेबांनी मान हलवली, वहीत ‘उत्तम’ असा शेरा लिहिला, वजनांच्या आकड्यांखाली इनेझची सही घेतली आणि वही पिशवीत टाकून ते दुपारच्या गाडीला निघाले. पोरी शाळेकडे पळाल्या. ठमी तेवढी मागे राहिली. तिनं कमरेची फडकी सोडली आणि मीठ पुन्हा राशीवर ओतायला निघाली, कारण मीठ वखारीच्या शेठचं होतं.

इनेझनं तिचा हात धरला. मीठ तिनं पारड्यात घेतलं आणि तोललं. बरोबर चार रत्तल भरलं. सेहेचाळिसातून चार गेले. बेचाळीस. गेल्या सोमवारपेक्षा दोन कमी.

पिशवीतली चिठ्ठी तिनं बाहेर काढली. बेचाळीस लिहायला किती वेळ लागतो? पण साहेबांच्या वहीत तिच्याच सहीनिशी सेहेचाळीस होते. तिनं पेन्सिल हातात धरली, मग चिठ्ठीची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. स्वतःची तिला इतकी किळस कधी आली नव्हती. उद्या सकाळी ठमीच्या घरी जाऊन तोंडीच सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या सकाळच्या गाडीनं कॉलेजच्या सगळ्याजणी परत जायच्या होत्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“बाई, तुमी झाल्या ना पास?” ठमीनं विचारलं.

“झाले.”

ठमीचा चेहरा खुलला. मग तिनं राशीकडे पाहिलं आणि जरा भीतभीतच विचारलं, पुढल्या सोमवारी पुन्हा तोलायचं हाय का?

“नाही,” इनेझ म्हणाली. “आता कुणी तोलणार नाही. पाठ संपला.”

“बरा झाला, बाई.” ठमीनं रिकामी फडकी झटकली. “मना आता इतका उचलवत न्हाय.”