मधे कुठंतरी

मळ्यात राबून खंगलेल्या धाकट्या भावाला माती देऊन फौस्तिनो निघाला, पण थेट घरी जायचं नव्हतं. मधे कुठंतरी टेकायचं, नाहीतर मेलेलं माणूस पाठोपाठ घरात शिरतं, असं तिकडे फिलिपिन्समध्ये आई सांगायची. म्हणून तो कॅलिफोर्नियातल्या त्या गावच्या खाणावळीकडे वळला.

दारावर पाटी होती: ‘फिलिपिनोंना मज्जाव.’ पुढच्या दुकानदारानं हातानंच हाकललं. न्हाव्यानं त्याला बघून कडी लावली.

‘अमेरिकेत सगळे सारखे, शाळेत अमेरिकन बाईंनीच शिकवलंय,’ बोटीवर चढताना धाकटा म्हणाला होता.

शेवटी तो मळ्यातल्या आपल्या खोपटाकडेच निघाला. मागून ओळखीची पावलं वाजू लागली. त्यानं वळून पाहिलं नाही. दार उघडून तो बाजूला सरला.

‘ये बाबा,’ तो पुटपुटला. ‘आपल्याला दुसरं कोण आत घेणार?’